१९९६ ची गाडी, नवा स्टिरिओ: बॅटरी उतरते, शिट्टी वाजते आणि मागचे स्पीकर जोडले की सगळंच गप्प

कॅसेटप्रेमी

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण सगळं एकदाच सांगतो, म्हणजे पुन्हा पुन्हा विचारण्यात तुमचा वेळ जायला नको.

गाडी बाबांची. १९९६ ची, चार दारांची, छोटी, कार्ब्युरेटरवाली पेट्रोल गाडी. काचा हँडल फिरवून खालीवर होतात, एअरबॅग नाही, कम्प्युटर नाही. बॅटरी ३५ अँपिअर-अवरची, घेऊन वर्षही झालेलं नाही. तिच्यात मूळचा कॅसेट डेक होता. आवाजाचं गोल बटण टक्‌ करून फिरवलं की चालू, उलटं फिरवलं की बंद. किल्ली नसली तरी वाजायचा. मागच्या वर्षी तो टेप गुंडाळायला लागला आणि नंतर कॅसेट फिरायचीच बंद झाली.

म्हणून नवीन स्टिरिओ घेतला. सीडी नाही, ब्लूटूथ आहे, यूएसबी आहे आणि पुढच्या बाजूला ऑक्स आहे, म्हणजे दुसरं यंत्र वायरने जोडायचं भोक. ऑक्स असलेलाच मुद्दाम शोधून घेतला, कारण घरी रेकॉर्ड केलेल्या २३ कॅसेटी बाबांनी जपून ठेवल्यात. एकीत मी सहा वर्षांचा असताना तेराचा पाढा म्हणतोय, ‘तेरा साते’ला अडकतो आणि मागून आई हळूच उत्तर सांगते. बाबांना त्या गाडीतच ऐकायच्या असतात, घरी नाही. म्हणून हातात मावेल असा छोटा कॅसेट प्लेयर ऑक्सच्या वायरने स्टिरिओला जोडलाय, आणि त्याचा अडॅप्टर लायटरच्या सॉकेटात लावलाय.

स्टिरिओ एका फिटरकडून बसवून घेतला. अर्ध्या तासात त्याने काम उरकलं. मी तेव्हा तिथे उभा राहून बघायला हवं होतं, ते राहिलं. आता तीन त्रास आहेत.

पहिला, गाडी चार दिवस उभी राहिली की सेल्फला नुसतं टक-टक. स्टिरिओ बटण दाबून बंद केलेला असतो, तरीही. दुसरा, कॅसेट ऐकताना बारीक शिट्टी येते. ॲक्सिलरेटर दाबला की ती चढते, सोडला की उतरते. प्लेयरचा आवाज कमी केला तरी शिट्टी तेवढीच राहते, त्यामुळे हळू आवाजातलं बोलणं तिच्यात बुडून जातं. तिसरा, मागच्या फळीवरचे दोन स्पीकर. बाबांनी ते १९९९ च्या सुमारास बसवून घेतले होते आणि जुन्या डेकवर छान वाजायचे. आता ते जोडलेले असले की पाच-सात सेकंदांत सगळे स्पीकर बंद पडतात आणि स्टिरिओची मागची बाजू हात लावू नये इतकी तापते. ते काढून ठेवले की पुढचे दोन नीट वाजतात.

मला पुन्हा त्या फिटरकडे जायचं नाही. समजून घेऊन स्वतःच्या हातांनी करायचंय. मल्टिमीटर आहे, तो वापरता येतो, सोल्डरिंगही जमतं. डॅशबोर्ड कापायचा नाही आणि गाडीच्या मूळ वायरिंगला शक्यतो कात्री लावायची नाही. कुठून सुरुवात करू?

रविवारची_गाडी

बॅटरीचं मी भोगलंय, म्हणून तेवढ्यापुरतं लिहिते. स्टिरिओ बाहेर काढा आणि त्याची पिवळी आणि लाल तार कुठे गेलीय ते आधी बघा. माझ्या गाडीत दोन्ही एकत्र पिळून एकाच तारेला बांधल्या होत्या. तुमचंही तेच निघेल असं वाटतंय.

आणि एक सांगा, शिट्टी रेडिओवर आणि ब्लूटूथवरही येते का, की फक्त ऑक्सवर? यावर बरंच काही ठरेल.

कॅसेटप्रेमी

धन्यवाद. आत्ताच तपासून आलो. रेडिओवर शिट्टी अगदी कान देऊन ऐकली तर जाणवते, ब्लूटूथवरही तेवढीच. ऑक्सवर मात्र खणखणीत.

स्टिरिओ बाहेर काढला. दोन बाजूंच्या फटींत पट्ट्या घातल्या की तो सरकत येतो. मागे जे दिसलं ते लिहितो. पिवळी आणि लाल खरंच एकत्र पिळलेल्या आहेत आणि दोन्ही मिळून गाडीच्या एका जाड तारेला बांधल्यात. त्यावर काळी चिकटपट्टी होती, पण उन्हाने तिचा गोंद पाघळून पट्टी एका बाजूला सरकलीय आणि तांबं उघडं पडलंय. उघड्या टोकापासून लोखंडी पट्टी बोटभरही लांब नाही. बोटं चिकट काळी झाली, रॉकेलने पुसावी लागली. आणखी आत, जुन्या डेकच्या कपलरला, म्हणजे तारांच्या प्लगला, बांधलेला पांढऱ्या कापडी पट्टीचा एक तुकडा सापडला. त्यावर बाबांच्या अक्षरात बॉलपेनने लिहिलंय, ‘रेडिओ, १० अँ.’ म्हणजे फ्यूज. शाई फिकी झालीय, पण वाचता येतंय.

काळी तार डॅशबोर्डच्या आतल्या एका रंगवलेल्या पत्र्याच्या स्क्रूखाली दाबलीय. हिरवी-काळी आणि जांभळी-काळी अशा दोन तारा त्याच स्क्रूखाली आहेत. मागच्या स्पीकरांकडून पुढे दोनच तारा येतात, प्रत्येक स्पीकरची एक. तिसरी, चौथी कुठेच सापडली नाही.

टेस्टलॅम्प

कॅसेटप्रेमी, इतकं नीट लिहून विचारणारे कमी, त्यामुळे मीही सविस्तर लिहितो. ३१ वर्षं गाड्यांचं वायरिंग करतोय. तुमचे तिन्ही त्रास त्या अर्ध्या तासातलेच आहेत. स्टिरिओत दोष नाही, आणि तो अजून जिवंत आहे हे चांगलं.

सर्वांत आधी बॅटरीची वजा तार काढून ठेवा, १० च्या पान्याने. ते उघडं तांबं पत्र्याला लागलं तर तुमच्या बाबांनी लिहिलेला तो १० अँपिअरचा फ्यूज उडेल आणि गाडी वाचेल. पण मधल्या काळात कुणी तिथे जाड फ्यूज किंवा नुसती तार घातली असेल, तर वायरिंग जळेल. तो फ्यूज आजच काढून बघा.

आता तारांचे रंग. बाजारातल्या बहुतेक सगळ्या स्टिरिओंना हेच रंग असतात, त्यामुळे पाठच करून टाका. पिवळी म्हणजे कायमची १२ व्होल्ट. लाल म्हणजे किल्लीच्या पहिल्या खटक्यावर येणारी. काळी अर्थ, म्हणजे गाडीच्या बॉडीला जाणारी वजा. निळी अँटेनासाठी, निळी-पांढरी बाहेरच्या ॲम्पला, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या यंत्राला, चालू करायला. नारिंगी-पांढरी पार्किंग दिव्यांबरोबर डिस्प्ले मंद करायला. पांढरी पुढचा डावा स्पीकर, करडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा. त्याच रंगावर काळी रेघ असली की ती त्या स्पीकरची वजा बाजू.

हे झाले स्टिरिओच्या तारांचे रंग. गाडीच्या तारांचे रंग दर कंपनीचे वेगळे, आणि २५-३० वर्षांच्या गाडीत तर मध्ये कुणी काय जोडलंय ते देवालाच ठाऊक. म्हणून गाडीकडच्या तारेचा रंग बघून कधीच ठरवायचं नाही, मोजूनच ठरवायचं.

तुमच्या जुन्या डेकला घड्याळ नव्हतं, स्टेशनं लक्षात ठेवायची नव्हती. बटणाच्या खटक्याने त्याची वीज खरोखरच तुटायची. म्हणून गाडी बनवणाऱ्यांनी तिथे एकच जिवंत तार दिली आणि तीही कायमची. नवा स्टिरिओ दोन तारा मागतो. पिवळी त्याची आठवण टिकवते आणि आवाजासाठी लागणारा सगळा मोठा करंटही तीच वाहते. लाल फक्त निरोप देते, जाग नाहीतर झोप. फिटरला एकच तार दिसली, त्याने दोन्ही तिला बांधल्या. त्यामुळे तुमच्या स्टिरिओला झोपायचा निरोप कधी मिळतच नाही. बटण दाबून तुम्ही पडदा काळा करता, आतलं ब्लूटूथ जागंच असतं.

खात्री करून घ्या. तारा आहेत तशाच ठेवून, फक्त त्या उघड्या जॉइंटवर तात्पुरती पट्टी गुंडाळून मोजा. मल्टिमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला, मीटर डीसी अँपिअरवर ठेवा आणि बॅटरीचा वजा खांब आणि काढलेली वजा तार यांच्या मधे लावा. दारं बंद हवीत, नाहीतर छतावरचा १० वॅटचा दिवा एकटाच पाऊण अँपिअरच्या वर खातो आणि तुम्ही भलत्याच आकड्यामागे लागता. मीटर मधे असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल. अशा साध्या गाडीत ५० मिलिअँपिअरच्या आत आलं पाहिजे. काय येतं ते इथे सांगा.

लाल तारेसाठी किल्लीवर चालणारी वीज शोधा. तुमच्या लायटरला किल्लीशिवाय वीज येत नसेल तर तिथूनच घ्या. लाल तार अगदी थोडा करंट घेते, त्यामुळे त्या तारेवर भार येत नाही. तरी तिला स्वतःचा, तारेतच बसणारा छोटा इनलाइन फ्यूज द्या. पिवळी जुन्या जाड तारेवर एकटी राहू दे. सेल्फ मारताना स्टिरिओ क्षणभर बंद होऊन पुन्हा चालू होईल. तो दोष नाही, त्या वेळी पहिल्या खटक्याची वीज तुटतेच.

वीज शोधताना मीटरइतकाच साधा टेस्ट लॅम्प, म्हणजे दोन तारा जोडलेला बल्ब, हाताशी ठेवा. मी नाव उगाच घेतलेलं नाही. गंजलेल्या, एका केसावर लटकलेल्या तारेवरही मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर करंट जवळजवळ घेतच नाही. बल्ब लावा, तो मिणमिणला की समजायचं, तार मेलेली आहे. जुन्या गाडीत ही फसवणूक मी शेकडो वेळा पाहिली. एवढंच, की ज्यांच्या गाडीत एअरबॅग आहे त्यांनी पिवळ्या वेष्टनातल्या वायरिंगच्या आणि पिवळ्या कपलरच्या वाटेला लॅम्प घेऊन जायचंच नाही.

मागच्या स्पीकरांचं कारण तुम्ही स्वतःच लिहिलंय, प्रत्येकाची एकच तार. दुसरं टोक डिकीत बॉडीला लावलेलं असणार. जुन्या डेकमध्ये ते चालायचं, कारण त्याच्या ॲम्पची एकच बाजू हलायची, दुसरी अर्थच होती. आजच्या स्टिरिओत स्पीकरच्या दोन्ही तारा जिवंत असतात. स्टिरिओ चालू असताना अधिक आणि वजा, दोन्हींवर बॉडीच्या मानाने ६-७ व्होल्ट असतात, आणि आवाज म्हणजे त्या दोघींतला फरक. त्यातली एक बॉडीला टेकवली की सरळ शॉर्ट. तुमच्या फिटरने हिरवी-काळी आणि जांभळी-काळी अर्थच्या स्क्रूखाली घातली, म्हणजे नेमकं हेच केलं. चिपमध्ये संरक्षण असतं, ती स्वतःला बंद करते, म्हणून सगळं गप्प होतं. प्रत्येक वेळी ती वाचेलच असं नाही, तेव्हा त्या दोन तारा आधी सोडवा.

उपाय एकच, दोन्ही स्पीकरांना पुढपर्यंत स्वतःची दोन-दोन टोकं. दाराच्या उंबऱ्याच्या पट्टीखालून दुहेरी तार न्या, पाऊण ते एक चौरस मिलिमीटरची पुरते. पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबरी ग्रोमेट हवंच.

अर्थचंही बदला. रंगावर स्क्रू दाबून अर्थ होत नाही. डॅशबोर्डच्या आत, मूळ बॉडीला वेल्ड केलेला पत्रा शोधा, नाण्याएवढी जागा पांढरी होईपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर घाला, घट्ट करा, वरून ग्रीस. मग गाडी चालू करून, आवाज मोठा ठेवून, स्टिरिओची काळी तार आणि बॅटरीचा वजा खांब यांच्यातलं व्होल्टेज मोजा. ०.१ च्या खाली असलं पाहिजे.

आणि जोड नुसते पिळून चिकटपट्टी लावायचे नाहीत. क्रिंप करा, म्हणजे तारा धातूच्या नळीत घालून हत्याराने दाबा, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवा. स्टिरिओचा कपलर आणि गाडीचा कपलर यांच्यामधे बसणारी जोडवायर मिळते, ती मिळाली तर गाडीच्या मूळ तारेला हातही लागत नाही. ज्यांच्या गाडीत आयएसओ, म्हणजे ठरलेल्या प्रमाणाचे, कपलर आहेत त्यांना तर ती सहज मिळते. तिथे काळ्या ठोकळ्यात ४ नंबर कायमची वीज, ७ किल्लीची, ८ अर्थ. फोक्सवॅगनच्या बऱ्याच गाड्यांत ४ आणि ७ यांची अदलाबदल असते, म्हणून तिथेही आधी मोजायचंच.

मंद्रसप्तक

टेस्टलॅम्प काकांनी मुळातलं सगळं सांगितलंय. मी शिट्टीबद्दल आणि आवाजाबद्दल लिहितो, कारण माझा जीव त्यातच आहे.

शिट्टी ऑक्सवर जास्त आणि प्लेयरचा आवाज कमी केला तरी तेवढीच, एवढ्यावरून तुमचा कॅसेट प्लेयर दोन वाटांनी गाडीच्या अर्थला बांधला गेलाय असं दिसतं. एक वाट अडॅप्टरमधून लायटरच्या वजाकडे, दुसरी ऑक्सच्या वायरच्या बाहेरच्या जाळीतून स्टिरिओच्या वजाकडे. आणि स्टिरिओचा स्वतःचा अर्थ रंगवलेल्या स्क्रूवर, म्हणजे कच्चा. मग स्टिरिओचा परतीचा करंट सोपी वाट शोधतो आणि थोडा तुमच्या ऑक्सच्या नाजूक जाळीतून, अडॅप्टरमधून, लायटरच्या अर्थकडे जातो. आल्टरनेटर, म्हणजे इंजिनाने फिरणारं वीज बनवायचं यंत्र, बदलती वीज तयार करतो आणि डायोड तिला सरळ करतात, पण तिच्यावर बारीक लहरी राहतातच. इंजिन जोरात फिरलं की त्या लहरी जलद होतात, म्हणून शिट्टी चढते.

आता एक सोपी परीक्षा. अडॅप्टर उपसून टाका, प्लेयरमध्ये दोन सेल घाला आणि तीच कॅसेट तशीच लावा. शिट्टी नाहीशी झाली तर माझं निदान बरोबर. मग सेलवरच वाजवत राहा, नाहीतर ऑक्सच्या वायरमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर लावा. काड्यापेटीएवढी डबी असते, आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर. आवाज चुंबकातून पलीकडे जातो, धातूची वाट तुटते. त्याने अगदी खालचा खर्ज किंचित पातळ होतो. घरच्या बोलण्याच्या रेकॉर्डिंगला तो फरक कळणारही नाही. पण आधी अर्थ नीट करा. आजाराचं मूळ तिथे आहे, आयसोलेटरने फक्त लक्षण दबेल.

मागचे स्पीकर पुन्हा जोडताना अधिक-वजा सांभाळा. जुन्या स्पीकरवर खुणा पुसलेल्या असतात. दीड व्होल्टचा साधा सेल घ्या, तारांना क्षणभर टेकवा. शंकू बाहेर आला तर सेलच्या अधिकला लागलेली तार ती अधिक. आत गेला तर उलट. एक स्पीकर उलटा जोडला गेला तर काही बिघडत नाही, पण एक बाहेर ढकलत असताना दुसरा आत ओढतो, आणि ढोलकीचा घुमारा, बाप्याचा जाड आवाज, सगळं गाडीच्या मधोमध विरून जातं. लोक मग स्पीकर खराब म्हणून बदलतात.

सेल लावायच्या आधी ओहमही मोजून घ्या. ४ ओहमचा धडका स्पीकर मीटरवर ३.२ ते ३.८ च्या आसपास दाखवतो. आणि एका वाटेवर दोन स्पीकर समांतर बांधू नका, ते २ ओहम होतात आणि आतली चिप तापते.

आवाज कमी वाटला तर लगेच ॲम्पच्या मागे लागू नका. खोक्यावर ‘५० वॅट गुणिले ४’ लिहिलेलं असतं. तो आकडा कुठून येतो ते सांगतो. गाडी चालू असताना १४.४ व्होल्ट मिळतात. १४.४ चा वर्ग भागिले ४ ओहम, साधारण ५२. म्हणजे ॲम्प पूर्ण फाटून चौकोनी लहर काढतोय तेव्हाचा आकडा. स्वच्छ आवाजात त्याच विजेतून जास्तीत जास्त २६ निघू शकतात, आणि चिपचं नुकसान धरता प्रत्यक्षात १८ ते २२. चार दारांच्या छोट्या गाडीत तेवढे वॅट भरपूर झाले, जर दाराची आणि मागच्या फळीची थरथर थांबवली तर. स्पीकरखाली फोमची पट्टी लावा, स्क्रू चारही लावा. माझ्या अनुभवात यानेच सर्वांत जास्त फरक पडतो.

एक विनंती. जुना डेक टाकला नाही ना? टेप गुंडाळणं आणि मग चाक थांबणं, हा बहुतेक वेळा रबरी पट्ट्याचा आजार असतो. रबर मऊ पडून काळ्या काकवीसारखं होतं आणि पुलीला चिकटतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुली पुसून नवा पट्टा घातला की असे डेक पुन्हा फिरतात. बाबांना त्यांचं ते टक्‌ करून चालू होणारं बटण परत मिळू शकेल.

रविवारची_गाडी

क्रिंप की सोल्डर यावर माझं मत थोडं वेगळं आहे. मी सोल्डरच करते. चांगलं क्रिंपिंगचं हत्यार नसेल आणि पक्कडीने चेपलं, तर तो जोड सहा महिन्यांत निसटतो. माझ्या हातचा सोल्डर केलेला जोड आठ वर्षं टिकलाय.

टेस्टलॅम्प

पक्कडीने चेपलेल्या क्रिंपपेक्षा सोल्डर बरा, हे मान्य. पण सोल्डर तारेत वर चढतं, तिथपर्यंत तार काडीसारखी कडक होते, आणि जिथे ती पुन्हा मऊ होते नेमक्या त्या जागी गाडीच्या थरथरीने तुटते. तुमचा आठ वर्षं टिकला, कारण तुम्ही तो बांधून ठेवला असणार. सोल्डर करायचंच तर जोडाच्या दोन्ही बाजूंना कापडी पट्टीने वायर वायरिंगच्या जुडग्याला बांधा, म्हणजे जोड लोंबकळणार नाही.

रविवारची_गाडी

हो काका, बांधलेलाच आहे. कारण आत्ता कळलं.

कॅसेटप्रेमी

दोन रविवार गेले. क्रमाने लिहितो, कुणाला पुढे उपयोग होईल.

फ्यूज पाहिला. १० चाच निघाला, मूळचा. मग काही न बदलता बॅटरीवर करंट मोजला. २१० मिलिअँपिअर. कागदावर मांडलं तेव्हा पटलं. दिवसाला ५ अँपिअर-अवर, चार दिवसांत २०, आणि बॅटरी ३५ ची. सेल्फला उरणार काय? लायटरला किल्लीशिवाय वीज नाही हे तपासलं, बल्ब लावून तपासलं, लख्ख पेटला. लाल तार तिथे नेली, २ अँपिअरचा फ्यूज घातला. पिवळी एकटी जुन्या तारेवर. पुन्हा मोजलं, १८ मिलिअँपिअर. त्यानंतर गाडी मुद्दाम सहा दिवस उभी ठेवली. सातव्या दिवशी पहिल्या सेल्फला सुरू.

अर्थ बदलायच्या आधी व्होल्टेज मोजून ठेवलं होतं. मोठ्या आवाजात ०.९ यायचं. नवी जागा स्टिअरिंगच्या खांबाजवळच्या जाड पत्र्यावर मिळाली. खरवडताना आधी वरचा रंग गेला, मग राखाडी प्रायमर, मग चकचकीत पत्रा. आता ०.०४ येतं. एवढ्यानेच रेडिओ आणि ब्लूटूथवरची शिट्टी पूर्ण गेली, ऑक्सवरची निम्मी झाली. अडॅप्टर काढून सेल घातले आणि तीही गेली. मंद्रसप्तक, तुमचं निदान तंतोतंत. आयसोलेटर अजून घेतला नाही, सेलवरच चालवतोय.

मागच्या स्पीकरांची ती एकटी तार बॉडीच्या मानाने मोजली, डावीकडे ३.६ ओहम, उजवीकडे ३.५. म्हणजे दुसरं टोक खरंच बॉडीला होतं. डिकीत मागच्या दिव्याच्या वर, गंजलेल्या स्क्रूखाली दोन्ही टोकं सापडली. ती सोडवली आणि उंबऱ्याखालून नवी दुहेरी तार ओढली. उंबऱ्याची पट्टी काढताना दोन क्लिपा तुटल्या, जुनं प्लॅस्टिक कडक झालंय. पट्टी उन्हात तापवून काढली असती तर वाचल्या असत्या असं वाटतं, दुसऱ्या बाजूला तसंच केलं आणि एकही तुटली नाही. डावा स्पीकर पहिल्यांदा उलटा जोडला गेला होता. सेलने तपासल्यावर शंकू आत गेलेला दिसला, तारा बदलल्या, आणि मधोमध काहीतरी एकदम भरून आल्यासारखं झालं. अर्धा तास चारही स्पीकर चालवले, स्टिरिओची मागची बाजू कोमट आहे, तेवढीच.

स्टिरिओ मूळच्या डेकपेक्षा आखूड आहे, मागे बरीच जागा उरते. पुढची चौकट ५० मिलिमीटर उंचीच्या घरात बरोबर बसली, पण मागून आधार नसल्याने खड्ड्यात खडखडायचा. जुन्या डेकच्या मागचा भोकांचा पत्रा काढून नव्याच्या बोल्टला लावला, वायरिंगचं जुडगं फोममध्ये गुंडाळलं. खडखड बंद. बाबांनी लिहिलेली ती पांढरी पट्टी होती तिथेच परत बांधलीय, शेजारी माझी एक नवी, ‘लाल – लायटरवरून, २ अँ.’

काल बाबा बाजूच्या सीटवर बसले होते. पाढ्याची कॅसेट लावली. ‘तेरा साते’नंतर आईचा आवाज इतकी वर्षं अर्धवट ऐकू यायचा, काल ‘एक्क्याण्णव’ स्पष्ट आलं, आणि त्यानंतर ती हसते, ते मला माहीतच नव्हतं. बाबांनी कॅसेट मागे घेऊन तेवढंच दोनदा ऐकलं.

डेक टाकलेला नाही, घरी आहे. काल उघडून पाहिला. पट्टा खरंच काकवी झालाय, पुलीवर काळा थर आहे. पुसायला घेतलंय. पट्टा तुटून गेलाय, मग नव्याचं माप कसं काढू?

मंद्रसप्तक

पुली नीट पुसून झाली की पट्टा जातो त्याच वाटेने सगळ्या पुलींवरून शिवणाचा दोरा एक फेरा फिरवा. टोकं जुळतील तिथे खूण करा, सरळ करून मोजा. त्यापेक्षा साधारण ५ टक्के आखूड पट्टा घ्या. जाडीसाठी पुलीच्या खाचेची रुंदी बघा. फार घट्ट पट्टा घालू नका, मोटरच्या बेअरिंगवर ताण येतो आणि आवाज डुलतो. आणि डेक उघडाच आहे तर टेपला दाबणारा रबरी रोलरही त्याच अल्कोहोलने हलक्या हाताने पुसून घ्या. बोट फिरवून बघा, चकचकीत लागला तर टेप पुन्हा गुंडाळेल, तो बदलावा लागेल.